काम वाटता, तसा निर्णयही वाटा

तुमच्या हाताखाली चार माणसं काम करत असतील, तर हे तुम्हाला उद्देशून लिहिलं आहे. चारशे असायला हवीत असं काही नाही. मेडिकलच्या दुकानात दोन पोरं ठेवणारे मालक, पतसंस्थेचे शाखाधिकारी, शाळेच्या मुख्याध्यापिका, वॉर्डाच्या सिस्टर इनचार्ज, चाकणच्या कारखान्यातले शिफ्ट सुपरवायझर, हिंजवडीत गेल्याच महिन्यात टीम लीड झालेली मुलगी, लग्नाच्या पंगती सांभाळणारे केटरर, तुम्ही सगळे साहेबच आहात. कार्डावर काय छापलंय ते सोडा. तुमच्या होकार-नकारावर दुसऱ्या कुणाची रजा, पाळी आणि त्या रात्रीची झोप ठरत असेल, तर तुम्ही साहेब.

तुमच्याकडे मागणं एकच आहे. काम वाटून देता, तेव्हा त्या कामातला थोडा निर्णयही वाटून द्या. साहेब तोंडाने गोड आहे की कडक, याची चर्चा डबा खाताना खूप होते. पण माणूस वर्षानुवर्षं एका जागी मन लावून काम करतो की घड्याळाकडे बघत दिवस ढकलतो, हे त्या गोड-कडूपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर जास्त ठरतं. रोजच्या कामातलं काही त्याच्या हातात आहे का, हा तो प्रश्न. ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी, बऱ्याच वेळा तपासली गेली आहे.

आपल्याकडे साहेबांचे ढोबळ चार प्रकार भेटतात. हुकूम सोडणारे, पोटाशी धरणारे, मोकळं सोडणारे आणि विचारून करणारे. कुणीही माणूस दिवसभर एकाच प्रकारात राहत नाही, तरी प्रत्येकाची एक सवय असते. आपली कुठली, हे वाचता वाचता ओळखा.

1938-39 च्या सुमारास अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एक प्रयोग झाला. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छंदवर्ग काढले. एका गटात पाच मुलं, मुखवटे बनवण्यासारखी कामं आणि प्रत्येक गटाला एक मोठा माणूस पुढारी. पुढाऱ्यांनी वागण्याच्या तीन तऱ्हा ठरवून घेतल्या होत्या. पहिल्या तऱ्हेत पुढारी एका वेळी एकच पायरी सांगे. पुढे काय करायचंय याचा पत्ता लागू देत नसे, कुणी कुणाबरोबर बसायचं तेही तोच ठरवी. दुसऱ्या तऱ्हेत काय बनवायचंय ते तो आधी सगळ्यांपुढे मांडे, दोन-तीन रस्ते सुचवी आणि जोड्या मुलांना पाडू देई. तिसऱ्या तऱ्हेत सामान पुरवायचं, विचारलं तर सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं.

हुकमी गटातली काही मुलं एकमेकांवर गुरकावू लागली, एखाद्या पोराला सगळे मिळून छळू लागले. काही गटांत उलट झालं, मुलं मेंढरासारखी मुकाट झाली. काम मात्र भरपूर होई, पुढारी समोर असेपर्यंत. तो खोलीबाहेर गेला की हात थांबत. विचारून चालणाऱ्या गटात पुढारी असो वा नसो, काम जवळपास त्याच वेगाने चालत राही. मोकळं सोडलेल्या गटात कामही कमी आणि मजाही कमी. शेवटी मुलांना विचारलं, तेव्हा 20 पैकी 19 जणांना हुकमी पुढाऱ्यापेक्षा विचारून चालणारा आवडला होता.

प्रयोग लहान होता आणि मुलांवरचा होता. त्यातून कारखान्याचे नियम काढू नयेत हे खरं. पण त्यातली एक गोष्ट कुठल्याही ऑफिसात ताडून पाहता येते. साहेब टूरवर गेले की तुमच्याकडे काय होतं? जिथे साहेब नसताना टेबलं ओस पडतात, तिथल्या साहेबांना वाटतं, बघा, मी नसलो तर यांचं पान हलत नाही, म्हणून मला डोक्यावर बसावं लागतं. खरं तर डोक्यावर बसल्यामुळेच पान हलेनासं झालेलं असतं.

आता मोठ्यांच्या जगात या. आपल्याजवळचं उदाहरण गिरणगावचं. मुंबईच्या कापड गिरण्यांत वरचा मॅनेजर वेगळा असे, पण साचेखात्यातल्या कामगाराचा खरा साहेब होता जॉबर. माणूस कामाला लावायचा तो जॉबरने. त्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याच्या रजेची शिफारस करायची, वेळ आली तर काढायचं, तेही जॉबरनेच. बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे असे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला पोरगा गाववाल्याच्या ओळखीने जॉबरपर्यंत पोचे, आणि नोकरी लागावी, टिकावी म्हणून दस्तुरी मोजे. बदली कामगाराची गत आणखी बिकट. सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, आज आत घेतात की परत पाठवतात ते बघायचं.

जॉबर नुसता खलनायक नव्हता. अडीनडीला उसने देणारा, खोली बघून देणारा, प्रसंगी मॅनेजरपुढे आपल्या माणसांची बाजू घेणाराही तोच होता. तरीही एवढी सत्ता एका मर्जीवर लटकली, की त्याचे परिणाम व्हायचे ते होतातच. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात शिफारस केली, की माणसं घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा. पुढे गिरण्यांत लेबर ऑफिसर आले, बदलीची नोंद ठेवणारी पद्धत आली. पद्धत बदलायला बरीच वर्षं गेली.

हे जुनं झालं म्हणून सोडू नका. जिथे पोट एका माणसाच्या मर्जीवर असतं, तिथे कामगाराची अर्धी हुशारी त्या माणसाचा मूड ओळखण्यात खर्च होते. साहेबांनी आज कुठला शर्ट घातलाय, केबिनमध्ये आधी कोण गेलं, कुणाला ‘या बसा’ म्हणाले, हे ज्या ऑफिसात सगळ्यांना पाठ असतं, त्या ऑफिसात जॉबर अजून आहे. पाळीचं वेळापत्रक ज्याच्या-त्याच्या तोंडाकडे बघून लागतं, दिवाळीची रजा दरवर्षी त्याच दोघांना मिळते, तिथेही तो आहे. दस्तुरी आता रोख घेत नसतील. हांजी हांजीच्या रूपाने ती वसूल होतेच.

त्याच गिरणीधंद्यात दुसरा रस्ताही निघाला होता, तोही स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच, तेव्हाच्या मुंबई राज्यात. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये, म्हणजे साराभाईंच्या गिरणीत, नवे स्वयंचलित माग बसवले होते. यंत्रं नवी, कामगार अनुभवी, तरी उत्पादन अपेक्षेइतकं निघेना आणि कापडात खोट फार येई. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस 1953 मध्ये तिथे सल्लागार म्हणून आले. त्यांनी पाहिलं तर 224 मागांवर 29 माणसं होती आणि कामाचे 12 तुकडे पाडलेले होते. माग चालवणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा. कागदावर हिशेब चोख. प्रत्यक्षात कुणाचं काम कुठल्या मागांवर, कुणी कुणाच्या मदतीला धावायचं, याचा मेळ नव्हता. धागा तुटला तर तो ‘माझा’ नव्हता, खोट आली तर ती ‘त्याची’ होती.

राइस यांनी सुचवलं ते साधं होतं. छोटे गट करा आणि एका गटाला ठरावीक मागांचा पूर्ण ताबा द्या. सुपरवायझरांशी बोलणं झालं, कल्पना खात्यात पोचली आणि कामगारांनी ती लगेच उचलली. कोण कुणाच्या गटात जाणार हे त्यांनी आपापसांत ठरवून याद्या तयार केल्या. गट साधारण सात जणांचे झाले. कामांच्या जातपाती सैल झाल्या, एकाचा हात अडकला तर दुसरा पुढे येऊ लागला. उत्पादन वाढलं, खराब कापड घटलं, कमाई वाढली. नंतर साध्या मागांवरही हा प्रयोग झाला. अनेक वर्षांनी त्याच संस्थेच्या एरिक मिलर यांनी परत जाऊन पाहिलं, तेव्हा एका ठिकाणी गटपद्धत चांगली टिकली होती, इतर ठिकाणी कमीअधिक प्रमाणात जुनी पद्धत परत शिरली होती. म्हणजे ही गोष्ट एकदा करून विसरण्याची नाही. वरचा माणूस बदलला, बाजार पडला, टार्गेट वाढलं, की हात आपोआप जुन्या हुकमाकडे जातो. तो मुद्दाम आवरावा लागतो.

या अहमदाबादच्या गोष्टीतलं एक बारीक वळण लक्षात ठेवा. यंत्रं तीच होती, माणसंही तीच. बदल एवढाच झाला, की आपल्या मागांचं काय करायचं हे त्या सात जणांना ठरवता येऊ लागलं.

हे नुसतं मन रमण्यापुरतं नाही, प्रकृतीचाही प्रश्न आहे. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या 10 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची तब्येत डॉ. मायकेल मार्मट आणि त्यांचे सहकारी 1985 पासून तपासत आले. 1997 मध्ये त्यांनी मांडलं, की आपल्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. आपल्याला वाटतं ताण सगळा वरच्या खुर्चीवर, निर्णय घेणाऱ्यावर. प्रत्यक्षात धोका खालच्या पायऱ्यांवर जास्त निघाला, आणि त्याचा मोठा भाग हातात काहीच नसण्याशी जोडलेला दिसला. तेव्हा तुमच्याकडचा क्लार्क ‘काही नाही हो, चाललंय’ म्हणतो, ते अगदी वरवर घेऊ नका.

आता पोटाशी धरणाऱ्या साहेबांकडे येऊ. आपल्या मुलखात हे खूप आहेत आणि त्यातले बरेच मनाने खरोखर चांगले आहेत. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे त्यांचं लाडकं वाक्य. कामगाराच्या मुलीच्या लग्नाला ते जातात, आहेर करतात, आजारपणात दवाखान्याचं बिल भरतात. माणसं त्यांच्यासाठी जीव टाकतात. अडचण येते ती त्या कुटुंबातल्या पोराने ‘मला वाटतं, हे असं करू नये’ म्हटल्यावर. मग उत्तर मिळतं, ‘तुला कालपर्यंत कोणी ओळखत नव्हतं.’ ओव्हरटाइमचे पैसे मागितले की ‘घरच्या माणसाने हिशेब मांडायचा असतो का?’ प्रेम दिलं, पण त्याची किंमत म्हणून तोंड बंद करून घेतलं, तर समाधान मुरत नाही. फार तर कृतज्ञता राहते, आणि कृतज्ञतेच्या ओझ्याखाली माणूस खुलून काम करत नाही.

म्हणून प्रेम वाईट असं अजिबात नाही. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी भारतीय ऑफिसं आणि कारखाने बघून 1980 मध्ये एक मांडणी केली. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आपल्याकडे पहिल्याच दिवशी ‘तुम्हीच ठरवा’ म्हटलं तर माणूस गोंधळतो. त्याला साहेब दुबळा वाटतो. त्याऐवजी माणसाची काळजी घ्यावी, पण ती कामाशी जोडून. नीट काम केलंस तर मी तुझ्या मागे उभा, हे त्याला कळलं पाहिजे. मग तो जसजसा तयार होईल, तसतसा हात सैल करत जावा, आणि शेवटी त्याला बरोबरीने निर्णयात घ्यावं. पोटाशी धरणाऱ्या आपल्या साहेबांचं चुकतं ते याच शेवटच्या पायरीवर. हात सैल करायची वेळ आली की त्यांना पोरगं अजून लहानच वाटतं, मग त्याची पंचवीस वर्षं नोकरी झाली तरी.

खरंच कुटुंब म्हणायचं असेल, तर गिरगावातल्या लिज्जतकडे बघा. 15 मार्च 1959 रोजी सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. आज हजारो बायका त्यात आहेत आणि एकमेकींना बहीण म्हणतात. पण ते म्हणणं हिशेबातही उतरलेलं आहे. तिथली प्रत्येक बहीण संस्थेची मालक आहे, नफा-तोटा सगळ्यांत वाटला जातो, शाखेची संचालिका बहिणींमधूनच येते. तुमचं दुकान तुम्ही असं चालवावं असा आग्रह नाही. फक्त ‘कुटुंब’ हा शब्द तोंडी आणण्याआधी स्वतःला विचारा, या कुटुंबात परक्यासारखं कुणाला वागवलं जातंय.

इथे पगाराचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागात सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटांना विचारलं होतं, कामावर कधी फार बरं वाटलं आणि कधी फार वाईट. 1959 मध्ये पुस्तक निघालं. लोक ज्यावर चिडत होते त्या गोष्टी वेगळ्या होत्या: कंपनीचे वेडेवाकडे नियम, साहेबाची वागणूक, पगार, कामाच्या जागेची अवस्था. ज्याने खुलत होते त्या वेगळ्या: काही तडीस नेणं, कुणी त्याची दखल घेणं, कामातच रस असणं, जबाबदारी मिळणं. पगार आणि सोयी भाजीतल्या मिठासारख्या आहेत. कमी पडलं तर घास उतरत नाही, पण बरोबर पडलं म्हणून कुणी नुसतं मीठ वाढून घेत नाही. तेव्हा कमी पगार देऊन ‘आम्ही तुम्हाला निर्णय दिलाय ना’ म्हणणं ही लबाडी आहे. आणि पगार चोख देऊन, वर्षाकाठी लोणावळ्याची सहल काढून, तरी पोरं सोडून का जातात म्हणून कपाळावर हात मारणं हा भाबडेपणा आहे.

मोकळं सोडणाऱ्या साहेबांना थोडक्यात सांगतो. तुम्ही स्वतःला उदार समजता. ‘मी कुणाच्या कामात लुडबुड करत नाही, फुल फ्रीडम.’ पण काय करायचंय ते नीट सांगितलेलं नसतं, अडल्यावर तुम्ही फोन उचलत नाही, दोन सहकाऱ्यांचं भांडण जुंपलं तर तुम्ही मान फिरवता. मग मार्चमध्ये अप्रेझलच्या वेळी अचानक उगवून गुण देता. याला निर्णय वाटणं म्हणत नाहीत, अंग काढून घेणं म्हणतात. आयोवातल्या त्या मुलांनाही हे आवडलं नव्हतं. निर्णय देताना बरोबर हद्द, माहिती आणि गरज पडली तर पाठबळ द्यावं लागतं.

आणि हुकूम कधीच सोडायचा नाही का? सोडायचा. आग लागली, ऑपरेशन टेबलवर रक्तदाब कोसळला, प्रेस मशीनमध्ये हात अडकला, तिथे मीटिंग घेत बसायचं नसतं. कालच लागलेल्या पोराला यंत्र कसं बंद करायचं ते हुकमानेच शिकवावं. पण हुकमाच्या जागीसुद्धा खालच्या माणसाचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. 27 मार्च 1977 ला कॅनरी बेटांवर टेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळली, 583 माणसं गेली. एका विमानाच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय ना, अशी शंका काढली होती. अनुभवी, मोठ्या नावाच्या कॅप्टनने ती झटकून टाकली आणि तिथे विषय संपला. त्या आणि तशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कॅप्टनला ऐकायला आणि ज्युनिअरला ठामपणे बोलायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू केलं. तुमच्या दुकानात विमान आदळणार नाही. पण चुकीचं औषध दिलं जातंय हे काउंटरवरच्या पोराला दिसत असेल आणि तुमच्या धाकाने तो गप्प बसला, तर गोष्ट तीच.

आता उद्यापासून काय करायचं ते सांगतो.

आधी कागद घ्या आणि आठवडाभर माणसं तुम्हाला येऊन जे जे विचारतात ते लिहून काढा. ‘साहेब, हा माल परत घेऊ का?’ ‘मॅडम, सातवीचा तास आधी घेतला तर चालेल?’ ‘सर, शनिवारी मी आणि तो पाळी बदलू का?’ यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्याला तुमच्याहून जास्त ठाऊक असतात. ते निर्णय त्यांना देऊन टाका. देताना हद्द स्पष्ट सांगा. पाचशे रुपयांपर्यंतचा माल तू न विचारता परत घे, वरचा मला विचार. पाळ्या आपापसांत बदला, काउंटर रिकामा राहता कामा नये, एवढीच अट. हद्द जितकी स्वच्छ, तितका माणूस निर्धास्त.

एकदा दिलेला निर्णय पहिल्या चुकीला परत घेऊ नका. चूक होणारच. ‘बघितलंस, म्हणून मी तुला देत नव्हतो’ हे एक वाक्य वर्षभराची मेहनत धुऊन टाकतं. काय झालं ते त्याच्याकडूनच ऐका, पुढच्या वेळी काय करशील ते विचारा आणि निर्णय त्याच्याकडेच राहू द्या.

जे तुम्हीच ठरवणार, त्याचं कारण सांगा. ‘वरून आलंय’ हे कारण नव्हे. मधल्या फळीतल्या साहेबांची कुचंबणा मला कळते, टार्गेट तुम्ही ठरवत नाही आणि शिव्या मात्र तुम्ही खाता. पण काय करायचं ते वरून आलं, तरी कुणी, कधी, कुठल्या क्रमाने करायचं, हे बहुतेक वेळा तुमच्याच हातात असतं. तेवढं तरी टीमपुढे मांडा.

मत विचारलंत तर उत्तर द्या. पटलं तर पटलं म्हणा, नाही पटलं तर का नाही ते सांगा. निर्णय आधीच झालेला असेल, तर मत मागायला मीटिंग भरवू नका. लोकांना ते तिसऱ्या मिनिटाला कळतं, आणि पुढच्या मीटिंगला ते फक्त चहा-बिस्किटापुरते येतात.

रजा, पाळ्या, ओव्हरटाइम यांचे नियम लिहून भिंतीवर लावा आणि आपल्या मर्जीतल्या माणसालाही तेच लावा. मर्जीची जागा जितकी कमी, तितकं लोकांचं लक्ष कामावर जास्त. आणि कुणाची चूक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पूर्वी पाणउतारा केबिनमध्ये व्हायचा, फार तर बाहेरच्या दोघांना ऐकू जायचा. आता रात्री साडेदहाला चाळीस जणांपुढे होतो, आणि त्या माणसाच्या बायको-मुलांसमोर त्याच्या मोबाइलवर वाजतो.

आता हाताखाली काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी, कारण साहेबाच्याही डोक्यावर साहेब असतोच. निर्णय मागायला शिका. ‘साहेब सांगतील तसं’ हे वाक्य नम्र दिसतं, पण त्यात सोयही असते. चुकलं तर आपल्यावर येत नाही. निर्णयाचा वाटा हवा असेल तर चुकीचाही वाटा उचलावा लागेल. अडचण घेऊन जाल तेव्हा बरोबर एक उपाय न्या, आणि ‘हे मी करून बघू का, महिनाभर?’ असं विचारा. मुदत घातलेल्या गोष्टीला साहेब लोक सहज हो म्हणतात, कारण परत फिरायला वाट राहते. ती गोष्ट नीट करून दाखवलीत की पुढची मागायला तोंड मिळतं.

काही साहेब मात्र सवयीच्या पलीकडचे असतात. शिवीगाळ, छळ, अंगचटीला येणं याला शैली म्हणत नाहीत. तिथे समजुतीचे उपाय करत बसू नका. तारीख-वार लिहून ठेवा, साक्षीदार बघून ठेवा, दोघे-तिघे मिळून बोला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती कुठे आहे ते विचारा. आणि दुसरी नोकरी बघणं हा पळपुटेपणा नाही, हे घरच्यांनीही लक्षात घ्यावं. ‘सरकारी आहे, पेन्शन आहे, सहन कर’ हा सल्ला देताना त्या माणसाची तब्येतही बघावी.

साहेबांनो, शेवटी तुमच्याकडेच येतो, कारण सुरुवात तुम्हीच करू शकता. सगळी पद्धत बदलायला निघू नका, ते होणार नाही. या आठवड्यात एकच निर्णय निवडा, जो आजवर तुमच्याकडे होता. कुणाला देताय ते नाव घेऊन सगळ्यांसमोर सांगा, हद्द सांगा आणि एक महिना त्यात हात घालू नका. मन खूप ओढ घेईल, तरी घालू नका. महिन्यानंतर त्याच माणसाला समोर बसवून विचारा: जमलं का, कुठे अडलं, आणि माझ्याकडचं आणखी काय तुझ्याकडे देऊ? तो ज्याचं नाव घेईल, तो तुमचा पुढच्या महिन्याचा निर्णय.